राजगड-तोरण्याचे शंभर दिवस : १७०३-०४ च्या वेढ्यांतील शिपाई

पुणे जिल्ह्याच्या नैर्ऋत्येस सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून पूर्वेकडे एक फाटा फुटतो. त्याच्या उत्तरेस कानंदी आणि गुंजवणी ह्यांची खोरी असून दक्षिणेस वेळवंडीचे खोरे आहे. आजच्या भाषेत बोलायचे तर एका अंगास वेल्हे आणि दुसऱ्या अंगास भोर. ह्या फाट्यावर पश्चिमेस तोरणा आणि पूर्वेस राजगड असे दोन किल्ले उभे असून तोरण्याची बुधला माची व राजगडाची संजीवनी माची एकाच डोंगरधारेने जोडलेल्या आहेत. शिवकालाच्या आरंभाशी निगडित असल्यामुळे ह्या दोन्ही किल्ल्यांची नावे सर्वतोमुखी आहेत. तथापि ह्याच डोंगरधारेवर १७०३ च्या डिसेंबरापासून १७०४ च्या मार्चपर्यंत जे युद्ध झाले त्याची वास्तपुस्त इतिहासग्रंथांत सहसा एखाद्या परिच्छेदात आटोपली जाते. २ डिसेंबर १७०३ रोजी राजगडाला वेढा पडला आणि १० मार्च १७०४ च्या रात्री तोरणा पडला. हा काळ जवळजवळ शंभर दिवसांचा आहे. ज्या शिपायांनी हे शंभर दिवस तटाच्या आत आणि तटाच्या बाहेर काढले त्यांच्या अनुभवाचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ही उपेक्षा समजण्यासारखी आहे. हे युद्ध मराठ्यांनी गमावले. त्यामुळे अभिमानाने सांगण्याजोग्या प्रसंगांत त्याची गणना झाली नाही. उलटपक्षी, ज्याने ते जिंकले त्या औरंगजेबाच्या हाती त्याचे फळ चार वर्षेही टिकले नाही. त्यामुळे मोगल इतिहासातही त्याला कायमचे स्थान लाभले नाही. साधनांची स्थितीही ह्यास कारण झाली. मावळच्या घडामोडींची सर्वांत विश्वसनीय तिथिवार नोंद म्हणजे भोर तालुक्यातील कारी येथील जेध्यांची शकावली होय. १६१८ पासूनच्या नोंदी देणारी ही शकावली १६९७ पाशी थांबते. वेढ्याच्या वेळी मावळातील हा साक्षीदार अबोल झालेला असतो, आणि अभ्यासकाला बादशाही पक्षाच्या फारसी ग्रंथांकडे वळावे लागते. विजेत्याच्या लेखणीतून पराभूताचे अनुभव शोधणे हे ह्या विषयाचे मुख्य कठीण कर्म आहे.

पार्श्वभूमी

२ मार्च १७०० रोजी राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले. तत्पूर्वीच, १६९९ च्या ऑक्टोबरात, औरंगजेब भीमाकाठची आपली ब्रह्मपुरीची छावणी सोडून किल्ल्यांच्या मोहिमेवर स्वतः निघाला होता. वसंतगड, सातारा, परळी, पन्हाळा, विशाळगड आणि सिंहगड असे किल्ले एकामागून एक त्याच्या हाती आले. साताऱ्यास १७०० च्या एप्रिलात मोगलांचाच सुरुंग त्यांच्या अंगावर उलटून सुमारे दोन हजार माणसे दगडमातीखाली गेली. विशाळगड १७०२ च्या जूनमध्ये दोन लक्ष रुपये घेऊन मराठ्यांनी खाली केला. सिंहगडाचा व्यवहारही १७०३ च्या एप्रिलात पैशानेच मिटला. ताराबाईंच्या कारभारातील हे धोरण उघड होते. शक्य तितके दिवस किल्ला झुंजवावा, शत्रूचे द्रव्य, दारूगोळा आणि माणसे खर्ची पाडावी, पावसाळा तोंडावर आला की चांगली रक्कम घेऊन किल्ला द्यावा आणि बादशहाची पाठ फिरताच तो परत घ्यावा.

राज्यकर्त्याच्या दृष्टीने हे धोरण शहाणपणाचे होते, आणि त्याचे समर्थन इतिहासकारांनी केलेही आहे. शिपायाच्या दृष्टीने मात्र त्याचा अर्थ वेगळा होता. जो किल्ला अखेरीस सोडावयाचाच आहे त्याच्यासाठी त्याने मधले महिने रोज मरणाच्या छायेत काढावयाचे होते. किल्ल्याची किंमत त्याच्या प्रतिकारावर ठरत होती, म्हणजे त्याच्या रक्तावर ठरत होती.

१७०३ चा पावसाळा औरंगजेबाने पुण्यास काढला. तेथे त्याचा एक नातू वारला आणि त्याच्या नावावरून पुण्यास ‘मुहियाबाद’ असे नाव देण्यात आले. १० नोव्हेंबर रोजी पंच्याऐंशी वर्षांच्या ह्या बादशहाने राजगडाच्या रोखाने कूच केले.

वाट

लढाईचा पहिला बळी वाटेनेच घेतला. राजगडाच्या अलीकडे चार कोसांवर असलेली घाटातील वाट तोफा, हत्ती आणि गाडे ह्यांच्या उपयोगाची नव्हती. म्हणून महिनाभर आधी काही हजार बेलदार, गवंडी आणि मजूर पुढे पाठविण्यात आले. त्यांनी खडक फोडून वाट रुंदावली, तरीही पुष्कळसे सामान मागेच टाकून द्यावे लागले. हे बेलदार कोणत्याही लढाईच्या वृत्तांतात योद्धे म्हणून गणले जात नाहीत. परंतु राजगडाच्या वेढ्यातील पहिले श्रम आणि पहिल्या जखमा त्यांच्याच होत.

मोगल छावणीची एकंदर अवस्था काय होती हे त्या काळच्या दोन लेखकांवरून कळते. व्हेनिसचा प्रवासी निकोलाओ मनूची ह्याच्या अंदाजाप्रमाणे दक्षिणेच्या युद्धात बादशाही सैन्यातील प्रतिवर्षी एक लक्षाहून अधिक माणसे आणि तीन लक्षांहून अधिक जनावरे मरत होती. १७०२ ते १७०४ ह्या वर्षांत दुष्काळ आणि साथ ह्यांनी दक्षिणेत वीस लक्षांवर माणसे गेली असेही तो लिहितो. हे अंदाजाचे आकडे आहेत, मोजदादीचे नव्हेत. तरीपण विनाशाची व्याप्ती त्यांवरून दिसते. दुसरा लेखक भीमसेन सक्सेना हा मोगलांच्याच चाकरीत होता. छावणीत जन्मलेली मुले छावणीतच प्रौढ झाली आणि तंबूपलीकडे मनुष्याला दुसरा निवारा असतो हे त्यांना ठाऊकच नव्हते, अशा आशयाची खंत त्याने व्यक्त केली आहे. पंचवीस वर्षांचे होऊ घातलेले हे युद्ध राजगडाच्या पायथ्याशी आले तेव्हा त्यातील कित्येक शिपाई असे, घर न पाहिलेले होते.

खोऱ्यातील रहिवाशांची बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. मार्गशीर्षाच्या सुमारास ह्या भागात भात आणि नाचणी खळ्यावरून घरात येते. नेमक्या त्याच दिवसांत हजारो माणसे आणि जनावरे गुंजण मावळात उतरली. छावणीला गवत, लाकूड आणि धान्य लागते. ज्या खोऱ्यातून ते उचलले जाते त्याच खोऱ्यातील पुरुष त्या वेळी डोंगरावर तटाच्या आत उभे होते. खाली आपल्या गावांवर उठणारा धूर त्यांना माचीवरून दिसत असला पाहिजे.

राजगड

राजगडाची रचना वेढा घालणाऱ्याला अनुकूल नाही. मध्ये उंच बालेकिल्ला आणि त्याच्या तीन बाजूंस पद्मावती, सुवेळा व संजीवनी ह्या तीन माच्या, असा त्याचा विस्तार आहे. एक माची गेली तरी दुसरी स्वतंत्रपणे लढू शकते आणि सर्व माच्या गेल्या तरी बालेकिल्ला उरतो. हमीदुद्दीनखान आणि तरबियतखान ह्यांनी पद्मावतीच्या बाजूने मोर्चे लावले. तेथील बुरूज तीस गज उंच होता. त्याच्या बरोबरीने दमदमे उभारून त्यांवर तोफा चढविण्यात आल्या. तीस गज उंचीचा दमदमा म्हणजे माती, दगड आणि लाकूड ह्यांची एक टेकडीच होय. ती टोपल्यांनी रचावी लागे. वरून दगडधोंडे आणि दारूचे हुक्के पडत असताना, बंदुकीच्या माऱ्यात, माणसे ही टोपली घेऊन चढत होती.

आतल्या बाजूस गुंजण मावळचे देशमुख संताजी शिळीमकर हे लढत होते. तोफेचा गोळा लागून ते ठार झाले. सुवेळा माचीवर त्यांच्या नावाने सांगितली जाणारी वीरगळ आहे. ह्या शंभर दिवसांची गडावर उभी असलेली खूण म्हणून तिच्याकडे बोट दाखविता येते. शिळीमकर हे वतनदार होते, म्हणून त्यांचे नाव उरले. ज्या नाईकवाड्यांनी, मेटकऱ्यांनी आणि घेऱ्यातील रामोशी-महारांनी रात्रीचे पहारे केले त्यांच्या नावाचा दगड कोणी उभारला नाही.

दोन महिने हा क्रम चालला. १७०४ च्या फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मोगलांनी हल्ला करून पहिला दरवाजा घेतला. किल्ल्यातील लोक बालेकिल्ल्यात हटले आणि तेथून त्यांनी आणखी दहा दिवस झुंज दिली. अखेरीस बोलणी झाली. फारसी ग्रंथात फिरंगजी व हमनजी अशा रूपांनी येणाऱ्या दोघा अधिकाऱ्यांनी बादशाही निशाण गडावर चढविले आणि १६ फेब्रुवारीच्या रात्री लोक गडाखाली उतरले. गडाचे नाव ‘नबीशाहगड’ ठेवण्यात आले.

हे शेवटचे दहा दिवस विशेष विचारणीय आहेत. माच्या गेल्यावर निकालाविषयी कोणाला शंका उरली नसावी. बालेकिल्ल्याचा परिसर लहान, पाणी टाक्यांतले, धान्य जेवढे वर नेले तेवढेच. अशा स्थितीत दिलेली दहा दिवसांची झुंज ही कौलाच्या अटी सुधारण्यासाठी दिलेली झुंज होय. आणि त्या अटींतील मुख्य अट जीव वाचवून खाली उतरण्याची होती. रात्रीच्या अंधारात बालेकिल्ल्याच्या अवघड वाटेने उतरणारी ही माणसे पराभूत होती हे खरे. परंतु त्यांपैकी कित्येक जण तीन वर्षांनी त्याच वाटेने वर गेले असतील, हेही तितकेच संभवनीय आहे.

तोरणा

राजगडानंतर आठवड्याभरातच, २३ फेब्रुवारीस, तोरण्याला वेढा पडला. झुंजार आणि बुधला ह्या दोन माच्यांचा हा किल्ला १,४०० मीटरांहून थोडा अधिक उंच आहे. येथे मात्र व्यवहाराची बोलणी झाली नाहीत. तोरणा हाच ह्या मोहिमेत लाच न देता, तलवारीने घेतलेला एकमेव किल्ला होय, असे जदुनाथ सरकार ह्यांच्यापासून अनेक इतिहासकारांनी नमूद केले आहे, आणि तोरण्याच्या १७०४ च्या इतिहासाचे बहुधा हे एकच वाक्य विद्यार्थ्यांच्या स्मरणात राहते. ह्या वाक्याने औरंगजेबाच्या शस्त्रबळाचा किंवा त्याच्या अभावाचा हिशेब लागतो. तटावर कोण चढले ह्या प्रश्नाचे उत्तर मात्र त्यात नाही.

ते उत्तर साकी मुस्तैदखानाने १७१० मध्ये पूर्ण केलेल्या ‘मआसिर-इ-आलमगिरी’त आहे. १० मार्चच्या रात्री अमानुल्लाखानाने वीस-पंचवीस पायदळ शिपाई दोरांच्या शिडीने कड्यावर चढविले. ते वर पोहोचताच कर्णे फुंकण्यात आले. मागोमाग खान स्वतः, त्याचा भाऊ आणि इतर सरदार चढले. हमीदुद्दीनखान कंबरेला दोर बांधून वर गेला. ज्यांनी प्रतिकार केला ते कापले गेले. उरलेल्यांनी बालेकिल्ल्यात आश्रय घेऊन शरणागती पत्करली. गडाला ‘फुतूह-उल-गैब’, म्हणजे अदृष्टातून आलेला विजय, असे नाव मिळाले.

कड्यावर प्रथम चढलेल्या ह्या वीस-पंचवीस शिपायांना फारसी ग्रंथकार एका शब्दाने ओळखतो. तो शब्द ‘मावळे’ हा आहे.

ह्या एका शब्दाने संपूर्ण प्रसंगाचे स्वरूप पालटते. दिल्लीच्या बादशहाचा हा अदृष्टातून आलेला विजय वस्तुतः फार दृष्ट अशा गोष्टीवर अवलंबून होता. अंधारात कडा चढण्याचे डोंगरी माणसाचे कसब हीच ती गोष्ट होय. तुराणी किंवा बुंदेली शिपायाला हे कसब अवगत नव्हते. ज्या कसबावर शिवकालात सिंहगडासारखे किल्ले घेतले गेले तेच कसब १७०४ मध्ये तोरण्यावर उलटले. चढणारा मावळा, कापला जाणारा मावळा आणि शरण जाणाराही मावळाच.

ह्या मावळ्यांना फितूर म्हणून मोकळे होणे सोपे आहे. परंतु त्या काळातील मावळच्या कागदपत्रांचे वाचन असा निर्णय देऊ देत नाही. संभाजी महाराजांच्या वधानंतर १६८९ मध्ये ह्या खोऱ्यांवर मोगलांचा अंमल बसला. पुढे शंकराजी नारायण सचिव ह्यांनी १६९२ च्या सुमारास राजगड परत घेतला. पंधरा वर्षांच्या अवधीत एकाच गावाने दोन सरकारांना वसूल दिला आणि एकाच वतनावर दोन्हीकडच्या सनदा झाल्या. भोवतालच्या खोऱ्यांतील देशमुख घराण्यांतही माणसे आज ह्या पक्षाकडे तर उद्या त्या पक्षाकडे गेली आणि छत्रपतींनी त्यांना पत्रे पाठवून परत बोलाविले. जेथे देशमुखाची निष्ठा अशी दोलायमान होती, तेथे ज्याला ना वतन ना सनद, अशा पायदळ शिपायाने दुष्काळाच्या वर्षी जेथे भाकरी मिळेल तेथे चाकरी धरली, तर त्याला आजच्या राष्ट्रकल्पनेच्या तराजूत तोलता येणार नाही. त्याबरोबरच तोरण्याच्या तटावर जे प्रतिकार करून मेले त्यांच्यापुढेही हीच भाकरी, हाच दुष्काळ आणि हीच निवड होती हे विसरून चालणार नाही. दोन्ही गोष्टी एकत्र ध्यानात घेतल्याखेरीज ह्या युद्धाचे मोल कळत नाही.

तटाच्या दोन्ही बाजूंची भाषा

ह्या वेढ्यांतील शिपायांनी बखरी लिहिल्या नाहीत, परंतु त्यांची भाषा शिल्लक आहे. मराठीतील वेढ्याची परिभाषा तपासली असता ती दोन्ही बाजूंनी मिळून घडविली असल्याचे दिसते. ‘बुरूज’ अरबी, ‘बालेकिल्ला’ फारसी-अरबी, ‘मोर्चा’ फारसी ‘मुर्चाल’पासून, ‘दमदमा’ फारसी. फावडे ह्या अर्थाच्या फारसी ‘बेल’पासून ‘बेलदार’. तर ‘तट’, ‘कडा’, ‘माची’, ‘मेट’, ‘घेरा’ आणि दोरांच्या शिडीला असलेला ‘माळ’ हा शब्द, ही देशी व संस्कृतोद्भव घडण. ‘सुरुंग’ हा शब्द तर ‘सुरुंगा’ ह्या रूपाने कौटिल्यापर्यंत मागे जातो आणि त्याचा संबंध ग्रीक ‘सिरिंक्स’शी जोडला जातो. शिवाजी महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ पंडितांनी सिद्ध केलेल्या ‘राजव्यवहारकोशा’त दुर्गवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे आणि यावनी शब्दांना संस्कृत पर्याय देण्याचा त्यातील प्रयत्न प्रसिद्ध आहे. दप्तरात त्याचा काही परिणाम झाला. तटावरच्या माणसाने मात्र बुरुजाला बुरूज आणि मोर्चाला मोर्चाच म्हटले, कारण खालून ओरडणारा शिपाईही तोच शब्द वापरीत होता.

ह्यांतील दोन शब्द विशेष बोलके आहेत. ‘कौल’ म्हणजे अरबीत वचन. मराठीत तो अभयपत्राचा शब्द झाला. ‘फितूर’ म्हणजे अरबीत ढिलेपणा, खंड. मराठीत तो स्वामिद्रोहाचा शब्द झाला. राजगड कौलाने गेला. तोरण्याच्या कड्यावर चढलेल्यांना उत्तरकालीन वाचक फितूर म्हणेल. मराठी शिपायाच्या जीविताच्या दोन्ही टोकांना हे दोन परके शब्द उभे राहिले आणि तेथेच ते आपले झाले.

उलट विजेत्याने समारंभपूर्वक दिलेली नावे पाहावीत. मुहियाबाद, नबीशाहगड, फुतूह-उल-गैब ह्यांपैकी एकही नाव खोऱ्यातील बोलीत रुजले नाही. शिवाजी महाराजांनी तोरण्याला दिलेले ‘प्रचंडगड’ हे नावही ग्रंथांतच राहिले आणि लोकांनी तोरणा हेच म्हटले. नाव टिकते ते रोज त्या डोंगराकडे पाहणाऱ्याच्या तोंडी. शस्त्राने शब्द देता येत नाही, परंतु सहवासाने तो घेता येतो, असा ह्या उदाहरणांचा निष्कर्ष आहे.

उत्तरार्ध

१७०७ च्या आरंभी अहमदनगरजवळ औरंगजेबाचा मृत्यू झाला. त्याच वर्षी पंताजी शिवदेव आणि गुणाजी सावंत ह्यांनी राजगड परत घेतला. तोरण्यावर सरनोबत नागोजी कोकाटे ह्यांनी पुन्हा लोक चढवून तो मिळविला. ज्या रीतीने गड गेला होता त्याच रीतीने तो परत आला, आणि त्या माणसांनाही इतिहासात केवळ ‘लोक’ हेच नाव आहे. ह्या मुलखाचे सूत्रधार शंकराजी नारायण ह्यांचा अंत १७०७ मध्येच भोरजवळील अंबवडे येथे झाला. शाहू महाराज आणि ताराबाई ह्यांच्या कलहात कोणाचा पक्ष घ्यावा हा पेच त्यांना सुटला नाही. त्यांच्या वंशजांचे पुढे भोर संस्थान झाले. निष्ठेचा पेच शिपायालाच पडतो असे नव्हे हे त्यावरून दिसेल.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय घेतला, आणि २०२५ च्या जुलैत युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या बारा मराठा किल्ल्यांत राजगडाचा समावेश झाला. तोरणा त्या यादीत नाही. गौरवाच्या अशा याद्या राजधान्या, बांधणी आणि विजय ह्यांच्या आधारे होतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाचे काम त्याहून निराळे आहे. पद्मावतीसमोर टोपलीने दमदमा रचणारा बेलदार, बालेकिल्ल्यात दहावा दिवस काढणारा नाईकवाडी, तोरण्याच्या कड्यावर अंधारात दोर धरणारा मावळा आणि तटावर त्याची चाहूल लागलेला दुसरा मावळा, ह्या चौघांना एकाच पानावर आणल्याशिवाय १७०३-०४ चा वृत्तांत पुरा होत नाही. त्यांतील शेवटच्या दोघांना एकमेकांची हाक कळत होती. त्या रात्री तोरण्यावर जो पहिला ओरडा झाला असेल तो मराठीत झाला असेल, आणि वर आलेल्याला त्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नसेल.